भौतिकशास्त्राची भीती आणि गोडी

इतिहास कसा वाटतो असे विचारले तर "बरा आहे" म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. अर्थशास्त्राबद्दल "चालतो" म्हणणारेही भेटतात. भौतिकशास्त्राच्या बाबतीत असे मधले उत्तर सहसा मिळत नाही. एक तर तो विषय जीव की प्राण असतो, नाही तर त्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतात. एकाच विषयाने माणसांचे असे दोन तट का पाडावेत, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेव्हा "जमाखर्च लिहिणाऱ्याने न्यूटनच्या वाटेला कशाला जावे?" असा प्रश्न काही विज्ञानमित्र विचारतील. पण ज्यांनी हा विषय दहावीनंतर सोडला, तेच आमच्यात अधिक आहेत. सोडणाऱ्यांची बाजू सोडणाऱ्यांनीच मांडलेली बरी!

सर्वसाधारण समजूत अशी की, हुशारांना भौतिकशास्त्र आवडते आणि बेताच्या मुलांना आवडत नाही. ही समजूत आपल्या घराघरांत आहे. एस.एस.एल.सी.चा निकाल लागला की गुणांच्या उतरंडीप्रमाणे विज्ञान, वाणिज्य, कला अशी वाटणी होते. ज्याला पंच्याऐंशी टक्के पडले त्याला विज्ञानाची आवड आहे की नाही हे कोणी विचारीत नाही. ज्याला साठ टक्के पडले त्याला ती असू शकेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. परिणामी विज्ञानाच्या वर्गात नको असलेले काही बसतात आणि हवे असलेले काही बाहेर राहतात. अशा वाटणीवरून विषयाच्या अवघडपणाबद्दल काही ठरविणे म्हणजे गिऱ्हाईक न पाहता मालाची पारख करण्यासारखे आहे.

आमच्या सीमाभागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. मराठी शाळेत दहा वर्षे शिकलेला विद्यार्थी पी.यू.सी.च्या विज्ञान शाखेत गेला की सारे विषय एकदम इंग्रजीत सुरू होतात. कन्नड शाळेतून आलेल्या मित्राचीही हीच गत. 'त्वरण' या शब्दाशी कशीबशी ओळख झालेली असते, तो शब्द शाळेच्या दारातच राहतो आणि 'ॲक्सिलरेशन' नावाचा नवा पाहुणा घरात येतो. पाहुणा तोच आहे, फक्त अंगरखा बदलला आहे, हे सांगायला वर्गात वेळ नसतो.

पण नुसत्या इंग्रजीला दोष देऊन भागणार नाही. मराठी आणि कन्नड ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहिली की मोठी गंमत दिसते. मराठी पुस्तकात 'शक्ती' म्हणजे पॉवर, आणि एनर्जीला शब्द 'ऊर्जा'. कन्नड पुस्तकात 'शक्ति' म्हणजे एनर्जी, आणि पॉवरला 'सामर्थ्य'. म्हणजे एकाच बाकावर बसलेले दोन विद्यार्थी 'शक्ती' हा एकच शब्द उच्चारतात आणि दोन निरनिराळ्या राशींबद्दल बोलतात! मराठीत ज्याला 'वस्तुमान' म्हणतात त्याला कन्नडमध्ये 'द्रव्यराशि'. 'वस्तुमान' या शब्दाने माझ्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. 'राशि' म्हटले की खळ्यातील धान्याची रास दिसते, आणि किती माल आहे हे कळते. हा कन्नड शब्द मला आपल्या शब्दापेक्षा सरस वाटतो, हे मराठी विभागात लिहिताना संकोच वाटत नाही. दोन भाषा येणाऱ्याला हा फायदा फुकट मिळतो. एका भाषेतील शब्दाने अडलेला दरवाजा कधी कधी दुसऱ्या भाषेतील शब्दाने उघडतो. मात्र तो उघडून दाखविणारा कोणी हवा.

खरी अडचण याच्याही खाली आहे. भौतिकशास्त्र आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द उचलते आणि त्यांना वेगळाच अर्थ देते. 'कार्य' हा शब्द घ्या. मार्केट यार्डात एक हमाल पन्नास किलोचे पोते डोक्यावर घेऊन लॉरीची वाट पाहत अर्धा तास उभा आहे. त्याला घाम सुटला आहे. पुस्तक म्हणते, त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य! कारण बल आहे, पण विस्थापन नाही. हे वाक्य वाचताच अर्ध्या वर्गाचा विषयावरील विश्वास उडतो. "हे शास्त्र हमालाची मजुरी बुडविणारे आहे" असे कोणाला वाटले तर त्यात नवल ते काय?

येथे शिक्षकांनी दोन मिनिटे थांबून सांगावयास हवे की, हमालाचे स्नायू आतल्या आत ऊर्जा खर्च करीत असतातच, म्हणून तो थकतो. प्रश्न फक्त पोत्याकडे किती ऊर्जा गेली एवढाच आहे. त्याने ते पोते जमिनीवरून दीड मीटर उंच उचलले तेव्हा ५० गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे ७३५ ज्यूल कार्य झाले. आता हाच हिशेब थोडा पुढे नेऊ. विजेच्या बिलावर जे 'युनिट' असते ते म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. ३६ लाखांना ७३५ ने भागले की उत्तर येते सुमारे ४,९००. काही रुपयांना मिळणाऱ्या एका युनिटमध्ये पन्नास किलोची चार हजार नऊशे पोती डोक्याइतकी उंच उचलण्याची ऊर्जा असते! यंत्रापुढे माणसाच्या अंगमेहनतीला भाव का राहिला नाही, हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या एका भागाकाराने अधिक समजले.

आता त्वरण. या शब्दावर अडखळलेले विद्यार्थी सर्वांत जास्त असावेत. चेंडू सरळ वर फेकला, तो अगदी वरच्या टोकाला पोचला, त्या क्षणी त्याचा वेग शून्य. मग त्वरण किती? बहुतेक जण "शून्य" म्हणतात. आम्हा वाणिज्यवाल्यांना हीच गोष्ट महागाईच्या रूपाने रोज भेटते. समजा, एका वस्तूची किंमत ओळीने चार वर्षे १००, ११०, ११८ आणि १२४ रुपये अशी गेली. वाढ झाली १०, मग ८, मग ६. वर्तमानपत्रात मथळा येतो, "महागाईचा वेग मंदावला". गृहिणी विचारते, "मग भाव कुठे उतरला?" दोघांचेही खरे आहे. किंमत वाढतेच आहे, फक्त वाढीचा वेग दर वर्षी दोनने कमी होतो आहे. चेंडूचेही तसेच. सेकंदाला ३० मीटर वेगाने वर फेकलेल्या चेंडूचा वेग एकेका सेकंदाने २०, १० आणि मग शून्य असा उतरत जातो (गणितासाठी ९.८ ऐवजी १० धरले आहे). तो वर जातच असतो, पण दर सेकंदाला त्याच्या वेगातून दहा वजा होतात. वरच्या टोकाला वेग शून्य झाला तरी ही वजाबाकी थांबत नाही. ती थांबली असती तर चेंडू तिथेच अधांतरी लटकत राहिला असता! शिल्लक, शिल्लकेतील बदल आणि बदलातील बदल या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की स्थान, वेग आणि त्वरण यांतले पुष्कळसे भय नाहीसे होते.

अशा चुका केवळ आपल्याकडेच होतात असे कोणी समजू नये. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठांपैकी एकात, म्हणजे ॲरिझोना स्टेट विद्यापीठात, हॅलून आणि हेस्टेनिस यांनी १९८५ साली विद्यार्थ्यांच्या समजुतींची परीक्षा घेणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचेच सुधारलेले रूप १९९२ साली पुढे आणले. तीत सुमारे तीस प्रश्न असतात आणि आकडेमोड नसते. मोठा ट्रक आणि लहान मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे हे प्रश्न. (उत्तर : दोघांचे बल सारखेच. मोटारीचा चुराडा होतो तो तिचे वस्तुमान कमी म्हणून.) हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मझूर यांना वाटत होते की आपल्या निवडक विद्यार्थ्यांना असले प्रश्न म्हणजे पोरखेळ. चाचणी सुरू असताना एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की, उत्तरे तुम्ही शिकविले तशी लिहू की मला वाटते तशी? मझूर यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे आणि तिच्यामुळे त्यांनी आपली शिकविण्याची पद्धतच बदलली. माझ्या मते त्या मुलीने वर्षानुवर्षे सर्व देशांतील वर्गांत मुकाट्याने चाललेली गोष्ट फक्त मोठ्याने बोलून दाखविली.

१९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६२ वर्गांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांचे निकाल एकत्र केले. सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले किती आले, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या भाषेत सांगायचे तर येणे रकमेपैकी वसुली किती? नुसती व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांत रुपयाला सरासरी २३ पैसे वसूल झाले. जेथे विद्यार्थी आपापसांत चर्चा करीत, अंदाज बांधून प्रयोग करीत, तेथे ४८ पैसे. त्याच वर्षी रेडिश, सॉल आणि स्टाइनबर्ग यांनी सहा महाविद्यालयांतील सुमारे १५०० विद्यार्थ्यांची या विषयाबद्दलची धारणा पाहिली. पहिल्या सत्रानंतर ती सुधारण्याऐवजी बिघडलेली आढळली! म्हणजे नावड पुष्कळदा विद्यार्थी घरून आणीत नाही, ती वर्गातच तयार होते.

मग ज्यांना हा विषय आवडतो त्यांना नेमके काय आवडते? माझ्या विज्ञानमित्रांना मी हे खोदून खोदून विचारले. एकाचे उत्तर अगदी व्यवहारी होते : पाठांतर कमी! जीवशास्त्रात शंभर नावे लक्षात ठेवावी लागतात, येथे चार नियम नीट समजले की चाळीस प्रश्न सुटतात. दुसऱ्याला आवडते ती त्याची सचोटी. येथे उत्तर गुरुजींच्या मर्जीवर अवलंबून नसते. बसचा ब्रेक लागला की पुढे झुकणारे प्रवासी, पावसाळ्यात किल्ल्याच्या तळ्यावर दिसणारे इंद्रधनुष्य, कुकरची शिटी, या सर्वांच्या मागे तेच मोजके नियम आहेत हे एकदा दिसले की मग ते न दिसणे शक्य होत नाही, असे तो म्हणाला.

येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची आठवण होणे साहजिक आहे. वाणिज्य शाखेने तर ती विशेष ठेवावी. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे रामन सरकारच्या अर्थखात्यात हिशेब तपासणीची नोकरी करीत होते. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी कलकत्त्यातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम होता. १९१७ साली ती चांगल्या पगाराची नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्या दहा वर्षांतील संध्याकाळी अधिक मोलाच्या वाटतात. परीक्षा नाही, गुण नाहीत, बढती नाही. तरीही माणूस कचेरीतून थेट प्रयोगशाळेत जातो!

याच्या उलट चित्र रिचर्ड फाइनमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रेखाटले आहे. १९५१-५२ च्या सुमारास ते ब्राझीलमध्ये शिकवीत होते. तेथील विद्यार्थ्यांना ध्रुवीभूत प्रकाशाची व्याख्या तोंडपाठ होती. पण खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश हाच तो, हे त्यांना सांगता येईना. हे वाचून ब्राझीलला हसावे तर आपल्या गाईडांचे आणि 'अपेक्षित प्रश्नसंचां'चे काय करायचे?

आपल्या देशात वेगळी वाट कोणी चोखाळलीच नाही असे नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातील मुले साध्या साहित्याने स्वतः प्रयोग करीत आणि आपल्या हिंदीत निष्कर्ष लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती, कारण पुस्तकात तयार उत्तरे नव्हतीच. ते काम पुढे अनेक शाळांत पसरले आणि तीस वर्षांनी, २००२ साली, सरकारी निर्णयाने बंद झाले. वाईट वाटते ते याचे की अशी पद्धत चालू शकते हे सिद्ध होऊनही ती आमच्यापर्यंत आली नाही.

आपल्या प्रयोगशाळांकडे पाहा. साधा लंबक घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण आंदोलनास सुमारे दोन सेकंद लागतात, आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचे असते. अनेक महाविद्यालयांत चालणारी रीत सर्वांना माहीत आहे : उत्तर ९.८ यायला हवे, म्हणून आधी उत्तर लिहायचे आणि त्यावरून उलटे गणित करून निरीक्षणे भरायची. आमच्याकडे ताळेबंद जुळविण्यासाठी असे केले तर त्याला लबाडी म्हणतात आणि हिशेब तपासनीस शेरा मारतो. विज्ञानाच्या जर्नलमध्ये केले तर दहापैकी नऊ गुण! ज्या विद्यार्थ्याचे उत्तर प्रामाणिकपणे ९.५ आले त्याच्यापुढे खरे भौतिकशास्त्र उभे असते : दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली का? घड्याळ दाबायला उशीर झाला का? आंदोलन फार मोठे होते का? पण त्याला सांगितले जाते, "खोडून परत लिही."

हिशेबाच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारतात, वर बरोबर आकडा लिहितात आणि सही करतात. जुना आकडा वाचता आला पाहिजे असा दंडक आहे. विज्ञान विभागातील प्राध्यापकांनी पुढच्या वर्षीपासून जर्नलला हाच नियम लावून पाहावा. निरीक्षणे शाईने, प्रयोग चालू असताना, आणि गुण उत्तराला न देता 'फरक का पडला?' या एका परिच्छेदाला.