लाल डाग आणि तांदळाचं पांढरं

पोरी, लाइटरूम उघडलंस की आधी ‘जे’ची कळ दाबतेस, फोटोवर लाल डाग दिसले की हायलाइट्सची पट्टी डावीकडे ओढत राहतेस. डाग गेले की काम झालं, असं समजतेस. तलासरीच्या तारपा नाचाचे फोटो त्यानेच गेले. ऊन भर दुपारचं, नाच रंगात आलेला आणि फोटोत मात्र ढगाळ सांज.

ती खूण एवढंच सांगते की आकडा टोकाला टेकला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढीच जागा असते. वर 255ला टेकलं की लाल डाग, खाली 0ला टेकलं की निळा. त्या डागाखाली म्हातारीचं कपाळ आहे की गळ्यातल्या चांदीची चमक, हे खुणेला कळत नाही, ते तू बघायचंस. बोर्डीला मावळतीच्या वेळी लाटांवर चमचमणारा उजेड, पितळी हंड्याचा काठ, सूर्याचं बिंब हे खुशाल जळू दे. तिथं तपशील नव्हताच. ओढून राखाडी केलास तर समुद्र मळका दिसेल.

चौकाचा फोटो काढशील तेव्हा मात्र खुणेचं शंभर टक्के ऐक. वारली लग्नघरात सुवासिनी कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात: गेरूचा लाल, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा, बांबूच्या काडीने ओढलेली. घरात अंधार, भिंत गडद. कॅमेरा भिंत बघून उजेड वाढवतो आणि रेषा जळते. जळलेली रेषा जाड दिसते. पीठ कुठं दाट लागलं, काडी कुठं कोरडी पडली, काही उरत नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र डोळ्यांसमोर आण. 2011 साली पद्मश्री मिळाली त्यांना. ते अख्खं जाळं केसासारख्या रेषांनी विणलेलं आहे. फोटोत त्या रेषा फुगल्या तर त्यांचा हातच पुसला गेला ना! म्हणून चौकापुढे एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घे. तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढरं लुकलुकलं तर आणखी खाली. भिंत नंतर उजळता येते.

गेरूवर तिरपं ऊन पडलं की दुसरा घोळ होतो. लाल चॅनल एकटाच आधी संपतो. भिंत डोळ्याला ठीक वाटते, पण तिचा खरबरीतपणा जाऊन ती सपाट रंग फासल्यासारखी होते. तेव्हा आल्ट दाबून व्हाइट्सची पट्टी सरकव. रंगीत ठिपके दिसले तर एखाददुसराच चॅनल गेलाय, रॉ फाइल असेल तर बरंच परत मिळतं. ठिपके पांढरे दिसले तर तिन्ही गेले. तिथून काही येत नाही, नुसता राखाडी पट्टा येतो. झेंडूच्या माळा आणि लाल लुगडी यांनाही हेच लागू.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लुकलुकतं ते रॉचं नव्हे, आतल्या जेपेगचं. पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’वर ठेवशील तर उगाच घाबरवेल, ‘न्यूट्रल’वर ठेव. आम्ही निगेटिव्हवर काम करायचो तेव्हा थोडं ओव्हर झालं तरी निभायचं. स्लाइड फिल्मवर मात्र जळलं ते गेलं. डिजिटल या बाबतीत स्लाइडच्या जातीचं आहे, हे लक्षात ठेव.

निळ्या डागांना फार भिऊ नकोस. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, तिथं रात्री दुकानांच्या दिव्यांमागचा डोंगर काळाच असतो. शॅडो वर ओढलेस तर आकाशात नॉइज उठेल आणि रात्र खोटी दिसेल. पण सावळ्या चेहऱ्यावर, तारपा वाजवणाऱ्याच्या फुगलेल्या गालाखाली निळा डाग आला तर तेवढाच भाग ब्रशने उचल. अख्खा फोटो उजळून माणसाचा रंग बदलायचा नाही. हे मी कुणाचंही खपवून घेत नाही.

छापायला देताना एक कर. छपाईत सहसा पांढरी शाई नसते. 255 म्हणजे कोरा कागद. फोटोच्या काठाशी जळलेलं आकाश असलं तर ते कागदाच्या पांढऱ्या कडेत मिसळतं, फोटो कुठं संपला कळत नाही. असं आकाश 245च्या आसपास आणून ठेव. मग खुणा बंद कर, फोटो पडदाभर लाव आणि आधी चेहरे बघ.