रेंज फुल, नेट गुल

कॉलेजात वायफाय बंद पडले की "वायरलेस असलेच बेभरवशाचे" म्हणून सगळे खापर तंत्रावर फोडले जाते. मला हे मान्य नाही, आणि आमच्या कॉलेजच्या वायफायची निविदा निघण्याआधीच मी तसे लेखी दिले होते. बिनतारी जाळे कोसळते ते तारेत केलेल्या काटकसरीमुळे. ॲक्सेस पॉइंटपर्यंत जाणारी कॅट-६ केबल, त्याला वीज पुरवणारा पीओई स्विच, यूपीएस, अर्थिंग हेच खरे काम. पण ते भिंतीआड जाते, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, त्यामुळे दरपत्रकात पहिली कात्री तिथेच लागते. ठेकेदाराच्या नकाशात सगळा कॅम्पस हिरवागार होता. सिग्नल कुठवर पोहोचतो एवढेच तो नकाशा सांगतो; एकाच वेळी कितीजण वापरू शकतील, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. प्रात्यक्षिक दाखवले तेही रविवारी, रिकाम्या व्हरांड्यात, एका मोबाइलवर. पुढे तक्रारींना उत्तर ठरलेले: "सर, रेंज तर फुल आहे ना?" आणि कॉलेजच्या समितीतली शहाणी माणसे यावर माना डोलवत.

रेंज आणि क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, असा हा मामला. साठ मुलांच्या वर्गात साठ मोबाइल आणि वर लॅपटॉप असतात. महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जाची मुदत संपत आली की सगळे एकदमच तुटून पडतात. अशा वेळी त्याच चॅनेलवर आणखी डबे टांगले तर गोंधळ वाढतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल भरपूर, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर हात टेकतात, आणि साताऱ्याकडच्या जुन्या इमारतींच्या दगडी भिंती जाडजूड. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९३ मध्ये कॅम्पसभर बिनतारी जाळे उभारायला घेतले तेव्हा इमारतींत प्रत्यक्ष सिग्नल मोजून ॲक्सेस पॉइंटच्या जागा ठरवल्या. आपल्याकडे इतक्या वर्षांनंतरही 'मजल्याला दोन' हाच हिशेब.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, मग हा खटाटोप कशाला, असे विचारणारे असतात. पण त्याच दगडी भिंतींआड मोबाइलचे नेटवर्कही मान टाकते. शिवाय अनेक संशोधन नियतकालिके विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरूनच उघडतात, मुलाच्या सिमकार्डावरून नाही. दुसरा आक्षेप पैशांचा, सर्वांत कमी दराच्या नियमाचा. नियम पाळाच, पण दर कशाचा मागवायचा हे आपल्या हातात असते. 'अमुक नग ॲक्सेस पॉइंट' असे लिहिले की स्वस्त नगच पदरात पडतात. 'या सभागृहात दोनशे उपकरणे एकदम चालली पाहिजेत' असे लिहा, मग स्वस्तवाल्यालाही विचार करावा लागतो. सगळ्यांना एकच पासवर्ड पुरतो, हे तिसरे म्हणणे. तो आठवडाभरात चहाच्या टपरीवर पोहोचतो. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. साताऱ्यात २०२१ मध्ये तीन कॉलेजांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. अशा विखुरलेल्या विद्यापीठात प्रत्येकाचे ते लॉगिन सगळीकडे चालणे ही चैन नाही, गरज आहे.

बाकी सल्ला नेहमीचाच: बिले जपा, वॉरंटीची तारीख लिहून ठेवा, ठेकेदार जाण्याआधी स्विचचे पासवर्ड आणि केबलचा नकाशा ताब्यात घ्या. दोन गोष्टी मात्र आपल्या मुलखाच्या आहेत. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू देऊ नका, फायबरच घाला. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही हे आहेच, पण वळवाच्या विजा तिच्यातून थेट स्विचमध्ये शिरतात आणि ओळीने पोर्ट जाळतात. आणि सांगलीत नदीकडच्या भागात सर्व्हर, स्विच तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जिना चढायचा कंटाळा म्हणून खाली रॅक लावणारे आजही भेटतात.

शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे: चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये, वर्ग भरलेले असताना घ्या आणि ती पास होईपर्यंत अंतिम बिल अडवून ठेवा. मार्चअखेर निधी परत जाईल म्हणून घाई करतील. तेव्हा ही अट करारातच घाला, तोंडी नको. आमचे बिल ३१ मार्चच्या आत निघाले होते.