सोयरिकीपूर्वी रक्ततपासणी : सिकलसेल आणि आपण



भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली की सोयरिकीच्या गोष्टी सुरू होतात. मुलगा किती शिकला, नोकरी कोठे, शेती किती, सारे विचारले जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पत्रिका जुळविणे आपण टाकून दिले. परंतु जे खरोखर जुळवून पाहावयास हवे, त्या रक्ताच्या अहवालाबद्दल विचारण्यास आपण आजही कचरतो.

सिकलसेल हा शब्द विदर्भाला नवा नाही. १९५८ साली शुक्ल व सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवरील आपला लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा दोष आपल्या समाजात आहे, तसाच गोंड, परधान, तेली, कुणबी समाजांतही आहे. तो स्पर्शाने होत नाही, कोणाच्या पापाने तर नाहीच. तो आईवडिलांकडून येतो.

दोघांपैकी एकाकडूनच दोष आला तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे 'ए एस'. तिला सहसा काहीही त्रास नसतो, ती धानाच्या बांधीत सर्वांबरोबर रोवणी करते. दोघांकडूनही आला तर 'एस एस', म्हणजे रुग्ण. सांधे व हाडे असह्य दुखणे, रक्त कमी होणे, वारंवार दवाखाना, हे त्याच्या वाट्यास येते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. येथे एक गैरसमज फार आहे. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नव्हे. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच.

आता आमच्या मनातील सल सांगतो. मुलगी 'ए एस' आहे असे कळताच बोलणी थांबतात, मुलाचे रक्त मात्र कोणी तपासत नाही. म्हणून आईबाप अहवाल लपवितात आणि लपविलेला अहवाल नातवाच्या दुखण्यातून बाहेर येतो. वास्तविक मुलगा 'ए ए' असेल व त्याच्या रक्तात दुसरा तसा दोष नसेल, तर त्या वाहक मुलीचे एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होणार नाही. तिला नाकारणे हे निव्वळ अज्ञान आहे.

तपासणी दोघांची व्हावी, आणि ती साक्षगंधाच्या आदल्या दिवशी नव्हे, कॉलेजात असतानाच व्हावी. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीने सिकलसेल आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसीस किंवा एचपीएलसी चाचणीने ठरते. जोडीदारापैकी एक वाहक असेल तर दुसऱ्याची ही मोठी चाचणी करावीच, कारण थॅलेसेमियाचा दोष सोल्युबिलिटीत दिसत नाही आणि तो सिकलसेलशी मिळाला तरी मूल आजारी होऊ शकते.

१ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात चौकशी करावी, अहवाल जपून ठेवावा.

दोघेही वाहक असून लग्न झालेलेच असेल, तर घाबरून घटस्फोटाची भाषा नको. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे, गर्भाची तपासणी करता येते.

वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्ममध्ये "सिकलसेल तपासणी केली काय?" एवढाच रकाना असावा, मुलासाठी व मुलीसाठी सारखाच. निकाल मात्र त्यात लिहू नये. तो दोन घरांनी समोरासमोर बसून एकमेकांना दाखवावा.