दुकान तुमच्या नावावर आहे, पण तुमच्यानंतर कोणाचं?



बॅचमध्ये मी हमखास एक प्रश्न विचारतो, "मृत्युपत्र कोणी कोणी केलंय?" वर्गात हशा. "सर, अजून चाळिशी पण नाही आली!" मग दुसरा प्रश्न विचारतो, "उद्या तुम्ही नसाल, तर सात तारखेला कामगारांचा पगार करंट खात्यातून कोण काढणार?" आता कोणी हसत नाही.

व्हिडिओत हा विषय घाईत झाला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमच्यापैकी बहुतेकांचा धंदा प्रोप्रायटरशिप आहे. गुमास्ता, उद्यम, जीएसटी सगळं तुमच्या नावावर. कायद्याच्या नजरेत तुमचा धंदा आणि तुम्ही वेगळे नाहीच. तुम्ही गेलात की खातं थांबतं. तुमचा जीएसटी नंबरही घरच्यांना तसाच वापरता येत नाही. वारसाला स्वतःच्या पॅनवर नवीन नोंदणी घ्यावी लागते आणि शिल्लक इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने स्वतःकडे वळवून घ्यावं लागतं. आणि हे सगळं करायला आधी वारस कोण, हे ठरावं लागतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एकाचा फरसाणचा कारखाना आहे. जागा स्वतःच्या कमाईतून घेतलेली. पॅकिंग, हिशेब, उधारीची वसुली सगळं बायको बघते, पण कागदावर फक्त नवरा. घरी आई, दोन मुलं, आणि दोन सख्खे भाऊ वेगळे राहतात. नवरा मृत्युपत्र न करता गेला. वाटणी कशी होईल?

बहुतेक जण म्हणतात, "सगळं बायकोला." चूक. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार बायको, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, आणि चौघांना सारखा हिस्सा. म्हणजे जिने कारखाना चालवला तिच्या वाट्याला पाव हिस्सा. सासूबाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही, बरं का! पण सासूबाईंचा पाव हिस्सा त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांकडे जाणार, म्हणजे त्यात दोन्ही दीरही आले. ज्यांचा सुरुवातीला एक पैशाचा हक्क नव्हता, ते असे आत येतात. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या हिश्श्याची जागा विकायला आईलाही कोर्टाची परवानगी लागते. यात कोणी भांडलेलं नाही. नुसत्या सह्या गोळा करण्यातच दिवाळीचा सीझन निघून जातो.

महिला उद्योजकांनी तर हे दोनदा वाचा. विधवा, मूलबाळ नसलेल्या हिंदू स्त्रीने स्वतः कमावलेलं, मृत्युपत्र नसेल तर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यानंतर. ज्या वडिलांनी मशीन घ्यायला पैसे दिले, ते रांगेत मागे. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असा आहे, आणि एका मृत्युपत्राने तो प्रश्न सुटतो.

(हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम बांधवांना मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशच देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. गोव्यातल्या मंडळींचा कायदा पूर्ण वेगळा, त्यांनी तिथलाच वकील गाठावा.)

"पण सर, नॉमिनी टाकलाय ना!"

हा सगळ्यात महागडा गैरसमज. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे त्याचं नाव. मालक वारसच. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला गुंतवणुकीच्या नॉमिनेशनचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शेअर्सवर नॉमिनी असला म्हणून तो मालक होत नाही, वारसा कायदाच चालणार. साळगावकरांनी तर मृत्युपत्र केलेलं होतं, तरीही हा प्रश्न उभा राहिला. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्हीत एकच नाव येतंय का, ते आजच बघा. विम्याचे नियम थोडे वेगळे आहेत, ते वकिलाला स्वतंत्र विचारा.

कर्जाचं काय? वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी येते, स्वतःच्या खिशातून नाही. पण बायकोची गॅरंटर म्हणून सही घेतली असेल, तर तीही कर्जाला बांधली गेली. मुद्रा लोनपासून सीसीपर्यंत कुठे कुठे तिची सही आहे, याची यादी करा.

भागीदारीवाल्यांसाठी एवढंच की करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते. दोघांचीच फर्म असेल तर करार असूनही अडचण, कारण एकट्याची भागीदारी नसतेच.

मृत्युपत्र स्वतः सोपं आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघावं आणि तुमच्यासमोर स्वतः सही करावी. नोटरीचा शिक्का मारला म्हणून साक्षीदार टळत नाहीत. ही चूक फार होते. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण मी करा म्हणेन. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. आणि साक्षीदार वयाने तुमच्यापेक्षा लहान घ्या, उद्या वाद झाला तर कोर्टात उभं राहून सांगायला निदान एक तरी लागतो. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त तुमचाच हिस्सा लिहू शकता. पागडीचं दुकान असेल तर तो हक्क मृत्युपत्राने देता येईल असं गृहीत धरू नका.

वकील कसा शोधायचा?

"इस्टेट प्लॅनिंग"ची पाटी तालुक्याच्या कोर्टाबाहेर सापडणार नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे नेटवर ज्याची जाहिरात दिसते तोच चांगला असं समजू नका. तुमच्या सीएला विचारा, कारण कोणत्या घरातली वाटणी सुरळीत झाली हे त्यालाच माहीत असतं. दिवाणी काम करणारा वकील हवा, फौजदारीवाला कितीही नावाजलेला असो. पहिल्या भेटीत विचारा, "वारसांचे दावे तुम्ही स्वतः चालवलेत का?" ज्याने मृत्युपत्रं कोर्टात पडताना पाहिलीत, तो लिहिताना जपून लिहितो. आणि त्याने तुमच्या धंद्याबद्दल काहीच न विचारता तयार नमुना काढून नावं बदलायला घेतली, तर चहा पिऊन बाहेर पडा. फी मसुद्याची किती, नोंदणीच्या दिवसाची किती, आधीच ठरवा. मिळकतीतला टक्का मागणाऱ्याला नमस्कार करा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. बँक खाती, नॉमिनीची नावं, कर्जं, जागेचे कागद, मशीनची बिलं, आणि ती लाल वही, ज्यात कोणाकडून किती येणं आहे ते लिहिलेलं असतं. ती वही फक्त तुम्हालाच वाचता येत असेल, तर वकिलाकडे जायच्या आधी एक रविवार बायकोबरोबर बसून ती उतरवून काढा.

पुढच्या व्हिडिओत भागीदारी करारातलं मृत्यूचं कलम कसं लिहायचं ते बघू. तुमचा करार हाताशी ठेवा.