आधी अक्षांश, मग बी

हॉस्टेलच्या गॅलऱ्यांकडे एकदा खालून नजर टाका. वाळत घातलेले टॉवेल आणि फुटक्या बादल्या यांच्यामधून आता मिरची, पुदिना, कोथिंबीर, एखादा टोमॅटो डोकावताना दिसतो. छंद चांगला, खर्च कमी, आणि मेसच्या पोह्यांवर स्वतःची कोथिंबीर टाकायला मिळते हा बोनस. अडचण रोप लावण्यात नाही, वाचण्यात आहे. रात्री नेटवर सर्च मारला की ढीगभर मजकूर समोर येतो. त्यातला बराचसा इंग्रजी, सुंदर फोटोंसह. लिहिणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. तरीही त्याचं ऐकून आपलं रोप मरतं. असं का व्हावं?

आपल्याच भाषेत सांगायचं तर समीकरण तेच असतं, बाउंडरी कंडिशन्स वेगळ्या असतात. लेखकाने त्या लिहिलेल्या नसतात, कारण त्याच्या गावात त्या सगळ्यांनाच माहीत असतात.

कांद्याचं उदाहरण घ्या. आमच्या मजल्यावरच्या एकाने परदेशी वाणाच्या कांद्याचं पाकीट आणलं. पाकिटावर नारळाएवढ्या कांद्याचं चित्र. पठ्ठ्याने सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. पात जोमात आली, पण खाली कांदा काही धरेना. खत कमी पडलं म्हणून त्याने आणखी खत घातलं, पात आणखी वाढली. दोष खताचा नव्हताच. कांद्याचं रोप दिवसाची लांबी मोजतं. दिवस ठरावीक लांबीच्या पुढे गेला की मगच ते पात सोडून गड्डा भरायला लागतं. थंड देशांतल्या 'लाँग डे' वाणांना त्यासाठी १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. लंडनमध्ये जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो, तिथे काहीच प्रश्न नाही. पुणं साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. म्हणजे त्या रोपाने जन्मभर वाट पाहिली असती तरी त्याला हवा असलेला दिवस इथे उगवणारच नव्हता! आपल्याकडचे वाण 'शॉर्ट डे' प्रकारातले, ११-१२ तासांवर भागणारे. रब्बीसाठी एन-२-४-१ हे नाव कांदा पिकवणाऱ्या कोणत्याही घरात माहीत असतं. राजगुरुनगरला तर कांदा आणि लसूण यांच्यासाठी स्वतंत्र संशोधन संस्थाच आहे, 'भीमा' नावाने सुरू होणारे वाण तिथले. आपल्यापासून तासा-दीड तासावर एवढं सगळं असताना आपण वाचतो मात्र इंग्लंडातलं.

दुसरी गोष्ट उन्हाची. इंग्रजी लेखात 'फुल सन' म्हणजे किमान सहा तास थेट ऊन असं लिहिलेलं असतं. पण कोणतं ऊन? २१ डिसेंबरला दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. (९० वजा १८.५ वजा २३.५. एवढं गणित फर्स्ट इयरवालाही तोंडी करेल.) लंडनमध्ये त्या दिवशी तो फक्त १५ अंशांवर असतो आणि ४८ अंशांवर यायला तिथे एप्रिलचा मध्य उजाडतो. म्हणजे उंचीच्या हिशेबाने आपली ऐन थंडी म्हणजे त्यांचा वसंत. म्हणूनच त्यांच्या 'समर' मधल्या भाज्या आपण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावायच्या. टोमॅटोच्या बऱ्याच वाणांना रात्रीचा उकाडा सोसत नाही. रात्रीचं तापमान बावीस-चोवीस अंशांच्या खाली उतरेना की फुलं येतात आणि फळ न धरताच गळतात. मे महिन्यात टोमॅटोवर मेहनत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गॅलरीच्या दिशेचंही तसंच. उत्तरेकडच्या गॅलरीत ऊन कधीच येत नाही, असं तिकडचे लेख ठासून सांगतात. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस आपण ग्राउंडवर पाहतो तो याच काळाच्या दोन टोकांना. दक्षिणेकडच्या गॅलरीला याउलट थंडीत तिरपं ऊन आतपर्यंत मिळतं आणि मे महिन्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. मेथी, पालक, टोमॅटोसाठी दक्षिणेकडची रूम मिळणं म्हणजे लॉटरीच. (वॉर्डनसाहेब, अलॉटमेंटच्या वेळी हा मुद्दा विचारात घ्यावा ही नम्र विनंती.)

अमेरिकन लेखांत 'झोन' चा आकडा असतो. तो पाहून घाबरायचं कारण नाही आणि फार विसंबायचंही नाही. वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती थंड असते, एवढंच तो आकडा सांगतो. नागपूर आणि पुणे यांच्या थंडीत त्या हिशेबाने फारसा फरक निघणार नाही. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो आणि पुण्याचा ४० च्या आसपास राहतो, हे त्या आकड्यात कुठेच नाही. पावसाचा तर उल्लेखही नाही. आपल्याकडे रोप मरतं ते हिमाने नव्हे, मेच्या झळांनी किंवा जुलैत बुडाशी साचलेल्या पाण्याने.

आता माती. इथे चूक जास्त महागात पडते, कारण ती दिसायला उशीर लागतो. 'कुंडीत चुना घाला, लाकडाची राख घाला' हा सल्ला पावसाळी, आम्लधर्मी मातीच्या प्रदेशांतून आलेला आहे. रत्नागिरीच्या जांभ्या मातीत तो चालू शकेल. आपल्या देशावरची काळी माती मुळातच चुनखडीची, अल्कलीकडे झुकणारी. तिच्यात आणखी चुना किंवा राख गेली की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खात्री करायची असेल तर कोरड्या मातीच्या चिमटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे, राखेचा डबा लांब ठेवा.

एप्सम सॉल्टचं प्रकरणही असंच. टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडला की 'एप्सम सॉल्ट घाला' हे शेकडो ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते आहे मॅग्नेशियम सल्फेट, आणि डाग पडतो फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याने. उलट जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं. बऱ्याचदा खरं कारण म्हणजे पाण्याचा धरसोडपणा: शनिवार-रविवार घरी जायचं, कुंडी कोरडी ठणठणीत, सोमवारी येऊन बादलीभर पाणी ओतायचं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चाल्कर-स्कॉट यांनी बागकामातल्या अशा गैरसमजांवर सोप्या इंग्रजीत पुष्कळ लिहिलं आहे. त्या दावा आणि पुरावा वेगळे करून दाखवतात, म्हणून हवामान परकं असूनही वाचाव्यात.

मग आपण वाचायचं काय? लेख हातात आला की मी आधी चार गोष्टी शोधतो: गाव, महिना, वाणाचं नाव आणि प्रमाण. 'थोडंसं खत, भरपूर ऊन' असं लिहिणारा म्हणजे युनिट न लिहिता रीडिंग देणारा. जर्नलमध्ये असं चालत नाही, मग कुंडीत का चालावं? रोप कसं मेलं हेही जो लिहितो, त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

मराठीत साहित्य कमी नाही. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी ही चार कृषी विद्यापीठं चार वेगवेगळ्या हवामानांसाठी लिहितात. पुण्यात बसून आधी राहुरीचं बघावं, कोकणातल्या घरी लावायचं असेल तर दापोलीचं. कृषी खात्याचं 'शेतकरी' मासिक आणि २००५ पासून निघणारा 'ॲग्रोवन' यांत एकराचे हिशेब असतात, त्यांना भागून कुंडीवर आणायचं काम आपलं. आकार बदलला तरी महिने आणि वाण तेच राहतात. श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा' बद्दलही जरूर वाचा. गणिताचा हा प्राध्यापक शेतकऱ्यांना आपापले प्रयोग एकमेकांना सांगायला लावत असे. इंग्रजीच वाचायचं तर हवाई विद्यापीठाची घरगुती बागेची पत्रकं बघावीत. होनोलुलू २१ अंशांवर आहे, म्हणजे दिवसाची लांबी जवळपास आपलीच, पाऊस मात्र वेगळा.

आणि जे कुठेच छापलेलं नाही ते आपल्या कॅम्पसच्या माळीकाकांकडे आहे. मेकॅनिकलच्या मागच्या वाफ्यात पाणी कुठे तुंबतं, कोणत्या भिंतीची झळ मेमध्ये रोपं भाजते, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या सेमिस्टरला ते विचारून, तारखांसकट एका वहीत उतरवून रीडिंग रूममध्ये ठेवायचा विचार आहे. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी आपल्या रूमचा मजला आणि गॅलरीची दिशा लिहून चिठ्ठी मासिकाच्या पेटीत टाकावी. मेच्या सुट्टीत कुंड्यांना पाणी कोण घालणार, हेही त्याच चिठ्ठीत लिहा.