गोळी विरघळण्याचा हिशेब

व्यापारी बांधवांनो, दोन ताग्यांचा रंग डोळ्यांना सारखा दिसला, तरी पाण्यात घालून पाहिल्याशिवाय जाणकार सौदा करीत नाही. औषधाच्या गोळीचेही तसेच आहे.

मूळ गोळीइतकेच औषध नव्या गोळीत असले, तरी ते रक्तात तितकेच व तितक्याच वेगाने पोहोचते काय, हे माणसांवरील जैवसमतुल्यता चाचणीत ठरते. ही चाचणी खर्चाची. म्हणून आधी प्रयोगशाळेत दोन्हींच्या १२-१२ गोळ्या विरघळवितात. १.२, ४.५ व ६.८ पीएचच्या द्रावणांत ठरावीक मिनिटांनी किती टक्के औषध सुटले, ते मांडतात.

त्यावरून ‘एफ-२’ गुणांक काढतात. तो ५० ते १०० असल्यास दोन्ही आलेख सारखे मानतात. दर वेळी ५ टक्क्यांचा फरक असेल तर गुणांक सुमारे ६५ येतो. १० टक्क्यांचा झाला की पन्नाशीच्या किंचित खाली उतरतो. दोन्हींतून १५ मिनिटांत ८५ टक्के किंवा अधिक औषध सुटले, तर गुणांकाची गरज नसते.

ध्यानात ठेवावे, केवळ शेवटचा आकडा जुळून भागत नाही. वाटेतला वेगही जुळला पाहिजे. आणि गुणांक जुळला, तरी ती रक्तातील निकालाची हमी नव्हे. नमुना पसंत पडला, सौदा अजून व्हायचा आहे.