शुश्रूषा करणाऱ्याच्या मनावरील ताण

घरातील वडील माणूस दीर्घकाळ अंथरुणास खिळले म्हणजे भेटीस येणारे आप्तेष्ट त्या रुग्णाची आस्थेने विचारपूस करतात, व ते योग्यच होय. परंतु त्याच्या उशाशी रात्र-रात्र बसणाऱ्या सूनबाईंची प्रकृती कशी आहे, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. आम्हांसही ते सुचले नव्हते. आमच्या परिचयाच्या एका घरी सासरे अर्धांगवायूने आजारी आहेत. तेथे आम्ही कित्येकदा जाऊन आलो, सूनबाईंच्या हातचा चहा घेतला, आणि त्यांच्याविषयी एक शब्दही न विचारता परतलो.

ताण हा मनाचा दुबळेपणा आहे, अशी समजूत आपल्यात फार रूढ आहे. शरीरशास्त्र तसे सांगत नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखविले की, थंडी, जखम, अतिश्रम, विषबाधा अशी कारणे भिन्न असली तरी शरीर त्यांस बऱ्याच अंशी एकाच रीतीने तोंड देते. प्रथम ते सावध होते, नंतर तग धरते, आणि कारण टळलेच नाही तर अखेर त्याची शक्ती संपते. यांपैकी पहिली अवस्था आपल्या वाचकांस अपरिचित नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंडास कोरड पडते, अंगास कंप सुटतो, ती हीच म्हणावयास हरकत नाही. असा घटकाभराचा ताण शरीर सहज सोसते. शुश्रूषा करणाऱ्याचा ताण मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो.

त्याचा परिणाम काय होतो? अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया, आणि त्याच वयाच्या पण असा भार नसलेल्या दुसऱ्या १३ स्त्रिया, यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम करून ती भरण्यास लागणारे दिवस मोजले. भार नसलेल्यांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांस जवळजवळ ४९ दिवस लागले. प्रयोग लहान आहे खरा. पण मनावरील ओझे कातड्यावर असे मोजता येते, हे वाचून आम्ही चकित झालो.

लाझरस व फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ताणास तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक, ताणाच्या कारणावरच उपाय करणे. दुसरा, कारण हलत नसेल तेथे मनाची तगमग शांत करणे. दोन्ही आवश्यक आहेत, परंतु आपल्या घरांत त्यांची अदलाबदल होते. वृद्धाचे गेलेले बळ पूर्ववत् परतणार नाही असे वैद्यांनी स्पष्ट सांगितल्यावरही मुलगा नवनव्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवीत राहतो. तेथे खरे तर मनासच धीर हवा. उलट, जागरणाची पाळी वाटून घेणे, कूस पालटण्यास दुसरा हात मिळणे, या गोष्टी सहज होण्याजोग्या असताना सूनबाईंस मात्र आपण म्हणतो, 'नाम घ्या, बरे वाटेल.' नामस्मरणाचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. पण जिला तीन रात्री झोप नाही, तिच्या हाती माळ देण्यापूर्वी तिला झोप दिली पाहिजे, आणि ती देणे आप्तांच्या हाती आहे.

वर उल्लेखिलेल्या घरी आता धाकटे दीर दर शनिवारी देवासहून येतात व दोन रात्री वडिलांजवळ बसतात. शेजारच्या काकूंनी दुपारचे दोन तास आपल्याकडे घेतले आहेत. परवा आम्ही मुद्दाम सूनबाईंची विचारपूस करावी म्हणून गेलो, तेव्हा त्या आतल्या खोलीत निजल्या होत्या. काकू उठवावयास निघाल्या. आम्ही त्यांस थांबविले, आजोबांजवळ थोडा वेळ बसलो, आणि चहा न घेताच परतलो.